आपला देश नेमका कोठे आहे?

इंग्रजी लिहावयास शिकणाऱ्या मुलापुढे लवकरच एक विषय येतो तो ‘माझा देश’ हा. त्यातील पहिलेच वाक्य देशाचे स्थान सांगणारे असावे लागते, आणि अश्दोद येथील वर्गांतून इंग्रजी शिकविताना आमचा अनुभव असा, की राजधानी, ध्वज, फळफळावळ यांविषयी भराभर लिहिणारी मुले नेमकी या पहिल्या वाक्यात अडखळतात. यात मुलांचा आळस नाही. हे वाक्यच अवघड आहे, आणि ते का अवघड आहे याचा विचार आपल्या घरांतून झाल्यास मुलांस पुष्कळ साह्य होईल, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

नेहमीची चूक प्रथम सांगतो. मूल लिहिते, ‘ईजिप्ट इज इन द साउथ ऑफ इझ्राएल.’ याचा इंग्रजीत अर्थ होतो, ईजिप्त हा इस्राएलच्या पोटात, त्याच्या दक्षिण भागात आहे! दुसरे लिहिते, ‘इझ्राएल इज इन द ईस्ट ऑफ द मेडिटरेनियन सी.’ म्हणजे देश पाण्यात गेला. इंग्रजीत ‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे कडेस लागून आणि ‘टू’ म्हणजे बाहेर, त्या दिशेस. एलात इस्राएलच्या ‘इन द साउथ’, अश्दोद भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर म्हणून ‘ऑन द कोस्ट’, आणि लेबनॉन इस्राएलच्या ‘टू द नॉर्थ’. आमच्या पिढीने मुंबईस शाळेत ‘इज बाउंडेड ऑन द नॉर्थ बाय’ अशी जड वाक्ये घोकली. ती आता प्रचारातून गेली, पण त्या घोकंपट्टीने ‘ऑन’ची जागा आमच्या मनात पक्की बसली हे मात्र खरे.

येथे जन्मलेली मुले निराळी चूक करतात. हिब्रूत लेबनॉन इस्राएलच्या उत्तरेस आहे हे सांगताना ‘मित्साफोन ले’ म्हणतात. त्यातील ‘मि’ म्हणजे ‘पासून’ हे मुलास ठाऊक असते. तेव्हा ते सरळ ‘लेबनॉन इज फ्रॉम द नॉर्थ टू इझ्राएल’ असे लिहून मोकळे होते. इंग्रज वाचकास वाटावे, लेबनॉन उत्तरेहून निघून इस्राएलकडे चालला आहे.

आता आमचा मुद्दा. पालकसभेत एक माता आम्हांस म्हणाल्या, ‘‘बाई, मुलाला इंग्रजी यायला हवं, हिब्रू तर हवंच. आमचं मराठी आता कुणाच्या कामाचं?’’ त्यांचा मुलगा शेजारीच वही घेऊन उभा होता, आणि वहीत ईजिप्त इस्राएलच्या पोटात होता. आम्ही त्यास मराठीतच विचारले, ‘‘एलात दक्षिणेत की दक्षिणेस?’’ तो म्हणाला, ‘‘दक्षिणेत.’’ ‘‘आणि सौदी अरबस्तान?’’ क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘दक्षिणेस.’’ जे ‘इन’ आणि ‘टू’ आम्ही महिनाभर फळ्यावर लिहीत होतो, ते आजीच्या बोलण्यातील ‘त’ आणि ‘स’ या दोन अक्षरांत त्याच्यापाशी आधीच होते. त्या माता पुढे काही बोलल्या नाहीत, परंतु मुलाच्या हातची वही घेऊन ते पान पुन्हा वाचू लागल्या.

मराठीत ‘द’ हे उपपद नाही, तेव्हा तेथे मात्र मराठीचे साह्य नाही. ‘जॉर्डन’ म्हटले की शेजारचा देश आणि ‘द जॉर्डन’ म्हटले की नदी, हे पाठच करावे लागते.

याहून खोल अडचण दिशांची आहे. अध्यापनवर्गात असताना आम्हांस शिकविले होते, की नकाशाचा पहिला पाठ भिंतीवर देऊ नये. नकाशा जमिनीवर अंथरावा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी आणि मुलांस भोवती बसवावे. भिंतीवरील नकाशामुळे ‘उत्तर म्हणजे वर’ अशी समजूत होते. कोकणच्या माणसास ‘वर’ म्हणजे घाट, तर येथे ‘वर’ म्हणजे यरुशलेम. दोहोंचाही उत्तरेशी संबंध नाही. मूल ‘वी गो अप टू जेरुसलेम’ असे बरोबर लिहिते आणि पुढच्याच ओळीत यरुशलेम उत्तरेस नेऊन ठेवते.

शब्दांचे मूळ पाहिले तर मौज वाटते. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे पुढचे, ‘पश्चिम’ म्हणजे मागचे आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवे. हिब्रूतही ‘केदेम’ म्हणजे पूर्व आणि पुढचीही बाजू. ‘तेमान’ म्हणजे दक्षिण, व तो शब्द ‘यामीन’ म्हणजे उजव्या हाताशी जोडलेला. तोरामध्ये पश्चिम दिशेस ‘याम’, म्हणजे समुद्र, असेच म्हटले आहे, आणि भूमध्य समुद्राचे एक नाव ‘मागचा समुद्र’ असे येते. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांतील माणूस उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा आहे. शाळेतील नकाशा मात्र उत्तरेकडे तोंड करून उभा असतो. मूल गोंधळते त्यात नवल कोणते?

समुद्राच्या बाबतीत आपण भाग्यवान खरे. अलिबागेस सूर्य समुद्रात मावळतो आणि अश्दोदलाही मावळतो, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलास पश्चिम दिशा पुन्हा शिकवावी लागत नाही. बदलली ती प्रार्थनेची दिशा. कोकणातील आपल्या मशिदींत हेखाल पश्चिमेस असे, कारण यरुशलेम समुद्रापलीकडे पश्चिमेस. अश्दोदहून यरुशलेम जवळजवळ नेमके पूर्वेस आहे. आमच्या नात्यातील एक वृद्ध गृहस्थ येथे आल्यावर पहिल्या सकाळी घरीच तेफिल्ला म्हणावयास उभे राहिले ते सवयीने समुद्राकडे तोंड करून. नातवाने हळूच त्यांचा खांदा धरून त्यांना वळविले. देशाचे स्थान बदलते म्हणजे काय होते, हे आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या वळण्यातून अधिक कळले.

‘मिडल ईस्ट’ या शब्दाविषयीही मुले विचारतात. मध्य कशाचा आणि पूर्व कोणाच्या? उत्तर असे, की ते नाव युरोपात बसून पाहणाऱ्यांनी दिलेले आहे. १९०२ साली अल्फ्रेड महान या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या लेखाने ते विशेष रूढ झाले. भारत सरकार याच प्रदेशास पश्चिम आशिया म्हणते. मुंबईहून आलेल्या मुलाने ‘वेस्टर्न एशिया’ लिहिले तर ते मुळीच चूक नाही. भूगोलाच्या दृष्टीने ते अधिक काटेकोर आहे, असे आमचे मत आहे.

सीमांविषयी थोडक्यात. उत्तरेस लेबनॉन, ईशान्येस सीरिया, पूर्वेस जॉर्डन, नैर्ऋत्येस ईजिप्त. ईजिप्तशी १९७९ मध्ये आणि जॉर्डनशी १९९४ मध्ये शांतता करार झाले. लेबनॉन व सीरियाशी तसा करार नाही, आणि वेस्ट बँक, गाझा व गोलान यांच्या रेषा निरनिराळ्या नकाशांत निरनिराळ्या दिसतात. मूल विचारील तर त्यास गप्प बसवू नये. ‘द वेस्ट बँक लाइज बिटवीन इझ्राएल अँड जॉर्डन’ एवढे वाक्य भूगोलाच्या निबंधास पुरते.

आकार सांगताना तुलना द्यावी, नुसते आकडे मुलाच्या मनात राहत नाहीत. गोलान व पूर्व यरुशलेम धरून इस्राएलचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर. आपल्या वडीलधाऱ्यांचा जुना कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, ७,१५२ चौरस किलोमीटर. तीन रायगड एकापुढे एक मांडले की झाला देश! ही तुलना इंग्रजी परीक्षकास उपयोगी नाही, पण घरातील आजोबांस ती लगेच पटते.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते, आणि तीत चूक आमची आहे. ठाण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीने निबंधाचे पहिले वाक्य असे लिहिले होते: माझा देश भारताच्या पश्चिमेस, अरबी समुद्र व अरबस्तान यांच्या पलीकडे आहे. इंग्रजी व्याकरण निर्दोष, ‘टू द वेस्ट’ अचूक. आम्ही त्यावर तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘शेजारील देश लिही.’ तिने निमूटपणे लेबनॉन, सीरिया लिहून आणले. पुढे कळले, की तिची आजी ठाण्यासच राहिली होती, आणि ‘‘तू आहेस तरी कुठं गं?’’ असे दर पत्रात विचारीत होती. मुलीने ते वाक्य आजीसाठी जुळविले होते. ती ज्या वाचकाशी बोलत होती, त्याच्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही साऱ्या वर्गास ते वाक्य दोनदा लिहावयास सांगितले: एकदा परीक्षकासाठी, एकदा दूर राहिलेल्या एखाद्या माणसासाठी. इथिओपियाहून आलेल्या मुलाने लिहिले, ‘उत्तरेस, तांबड्या समुद्राच्या टोकापलीकडे’. युक्रेनहून आलेल्या मुलीने लिहिले, ‘दक्षिणेस, काळा समुद्र आणि तुर्कस्तान ओलांडून’. मोरोक्कन घरच्या मुलाने भूमध्य समुद्राचे दुसरे टोक लिहिले. परीक्षकाचे वाक्य सर्वांचे एक, दुसरे मात्र प्रत्येकाचे वेगळे.

ठाण्याच्या मुलीने तांबड्या रेघेखाली आपले जुनेच वाक्य पुन्हा उतरविले होते. या वेळी त्यात ‘सुमारे ४,००० किलोमीटर’ एवढी भर होती. आम्ही ‘अरेबियन’चे स्पेलिंग दुरुस्त केले आणि वही परत दिली.