विश्लेषण : गुलमर्ग, औली की सोलंग? स्कीइंगसाठी ठिकाण निवडताना काय पाहावे?

दिवाळी सरली की मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत बर्फ दिसू लागतो. काश्मीर आणि हिमाचलची सहल महाराष्ट्रातील कुटुंबांना नवी नाही. बर्फात फोटो काढण्यापलीकडे जाऊन पायात स्की बांधून पाहावी, असेही आता अनेकांना वाटते. मात्र बर्फाचा भरवसा कमी होत चालला आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे मैदान कोरडे आणि तपकिरी होते. महिन्याभरात तेथे भरपूर बर्फ पडला आणि ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धाही झाल्या. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, या स्पर्धांतील बर्फावरचे खेळ पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. स्पर्धेच्या तारखा बदलता येतात. विमानाची तिकिटे आणि मुलांच्या सुट्ट्या सहसा बदलता येत नाहीत. त्यामुळे ठिकाण निवडण्यापूर्वी काय तपासावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

भारतात स्कीइंग कोठे होते?

प्रामुख्याने तीन नावे पुढे येतात. जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग हे त्यातले सर्वात मोठे आणि जुने केंद्र. ब्रिटिश काळात, १९२७ मध्ये, येथे स्की क्लबची स्थापना झाली होती. येथील गोंडोला दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा गुलमर्गहून सुमारे ३,१०० मीटरवरील कोंगडोरीपर्यंत, तर दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर दिसते. २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील बर्फावरचे खेळ येथे झाले होते. तिसरे नाव हिमाचल प्रदेशातील सोलंग. मनालीपासून १३-१४ किलोमीटरवरच्या या खोऱ्याची उंची सुमारे २,५६० मीटर आहे. याशिवाय सिमल्याच्या पुढे नारकंडा येथेही स्कीइंगचे उतार आहेत. कुफरीचे नाव जाहिरातीत असते, पण तेथे मुख्यतः घोड्यावरची फेरी आणि बर्फातील खेळच अपेक्षित धरावेत.

उंचीचा आकडा फसवा कसा ठरतो?

ठिकाण जितके उंच, तितका बर्फ टिकाऊ, हा नियम ढोबळमानाने खरा आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने अफरवटच्या खांद्यावरचे तापमान खालच्या गुलमर्गपेक्षा सुमारे आठ अंशांनी कमी असते. खाली पाऊस किंवा चिखल असताना वर बर्फ असू शकतो तो यामुळेच.

पण जाहिरातीतला ३,९५० मीटरचा आकडा पहिल्यांदा स्की बांधणाऱ्यासाठी नसतो. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार तीव्र आणि बहुतांशी यंत्राने न दाबलेल्या बर्फाचे असतात. युरोपातील आल्प्समध्ये यंत्रांनी सपाट केलेले आणि रंगांनी सोपे-अवघड दाखवलेले लांबलचक मार्ग असतात, तसे येथे नाहीत. नवशिक्यांचे वर्ग भरतात ते खाली, गुलमर्गच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवर. त्यांची उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे औली किंवा सोलंगपेक्षा फार वेगळी नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोरडे पडले होते ते हेच मैदान. त्यामुळे डोंगराचा माथा किती उंच आहे यापेक्षा आपण ज्या उतारावर उभे राहणार आहोत तो किती उंच आहे आणि तेथे आज किती बर्फ आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

नाताळात जावे की फेब्रुवारीत?

पश्चिम हिमालयात हिवाळ्यातला बर्फ मोसमी वाऱ्यांमुळे पडत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे तो पडतो. हे विक्षोभ किती, केव्हा आणि किती जोराने येतात, यावर सारा हंगाम अवलंबून असतो. वायव्येला असलेल्या काश्मीरला त्यांचा लाभ तुलनेने अधिक मिळतो; पूर्वेकडे उत्तराखंडपर्यंत जाताना अनेकदा जोर कमी झालेला असतो.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याची थंडी सुरू झाली म्हणजे पुरेसा बर्फ साचलाच, असे मात्र नाही. नाताळच्या आठवड्यात उतारांवर पुरेसा थर नसण्याची शक्यता बरीच असते, आणि नेमके तेव्हाच हॉटेलांचे दर व गर्दी शिखरावर असतात. बर्फाचा थर जमण्याच्या दृष्टीने जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर हा काळ तुलनेने खात्रीचा. गुलमर्गच्या वरच्या भागात मार्चमध्येही स्कीइंग चालते.

महाराष्ट्रातील पालकांची अडचण येथेच आहे. फेब्रुवारी-मार्च हा दहावी-बारावीच्या परीक्षांचा काळ, तर शाळेची मोठी सुट्टी एप्रिलअखेर सुरू होते आणि तोवर खालचे उतार हिरवे झालेले असतात. शाळकरी मुलांना घेऊन स्की शिकायला जायचे तर जानेवारीच्या उत्तरार्धात, प्रजासत्ताक दिनाला जोडून रजा काढणे हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. डिसेंबरमध्येच जायचे असेल, तर सहलीचा हेतू स्कीइंग न ठेवता काश्मीर किंवा हिमाचल पाहणे हाच ठेवावा. बर्फ मिळाला तर तो वरचा लाभ.

शिकायला किती दिवस लागतात?

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत स्कीइंगला अनेकदा एक तास दिलेला असतो. त्या तासात बूट घालणे, दोन-चार पावले घसरणे आणि फोटो काढणे एवढेच होते. स्कीची टोके जवळ आणून वेग कमी करणे, थांबणे आणि सौम्य उतारावर वळणे, एवढे अंगवळणी पडायला बहुतेकांना तीन-चार दिवस लागतात. पडून उठणे हाही शिकण्याचाच भाग. त्यामुळे पाच ठिकाणे सात दिवसांत दाखवणारी सहल आणि स्की शिकणे, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत.

खऱ्या अर्थाने शिकायचे असेल, तर सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम हा चांगला मार्ग आहे. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनालीतील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगमध्ये, तर गढवाल मंडल विकास निगम औलीमध्ये प्रशिक्षण देते. या अभ्यासक्रमांत शिस्त असते, राहण्याची सोय साधी असते आणि जागा मर्यादित असतात. त्यामुळे अर्ज बरेच आधी करावा लागतो.

धोका कशाचा?

सर्वात मोठा धोका हिमस्खलनाचा. ताजा, जड बर्फ पडल्यानंतर ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर त्याची शक्यता अधिक असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूला जीव गमवावा लागला. या दुर्घटना नेहमीच्या मार्गांबाहेरच्या उतारांवर घडल्या होत्या. म्हणजे ज्या महिन्यात बर्फ सर्वात चांगला, त्याच महिन्यात वरच्या उतारांवर धोकाही मोठा. चंदीगड येथील संरक्षण खात्याची भू-माहिती संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे पाच पातळ्यांत देते. दोरी किंवा फलक लावून बंद केलेल्या भागात जाऊ नये आणि वरच्या टप्प्यावर स्थानिक जाणकार गाइडशिवाय स्की करू नये, हे दोन नियम कुशल स्कीपटूंनाही लागू आहेत.

दुसरा धोका उंचीचा. २,५०० मीटरच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ, धाप असा त्रास होऊ शकतो. गोंडोलाने गुलमर्गहून दुसऱ्या टप्प्यावर जाताना थोडक्या वेळात १,३०० मीटर चढ होतो. हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच वर जावे. श्रीनगरला एक मुक्काम करून मग गुलमर्ग गाठणे शरीराला सोपे जाते.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा. जोरदार वारा असताना दुसरा टप्पा बंद ठेवला जातो. जून २०१७ मध्ये वाऱ्याने उन्मळलेले झाड गोंडोलाच्या तारेवर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे ‘तिकीट काढले आहे, मग का सोडत नाही’ असा वाद घालण्यात अर्थ नाही.

सुरक्षेचा प्रश्नही महाराष्ट्राला जवळचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे बंद करून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली. कोणते ठिकाण खुले आहे, हे निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचनांवरूनच तपासावे.

पोहोचणे किती अवघड?

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. महाराष्ट्रातून विमानाने श्रीनगर गाठले की त्याच दिवशी पोहोचता येते. मात्र तंगमर्गपासूनचा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट बर्फवृष्टीत निसरडा होतो आणि चाकांना साखळ्या लावलेली वाहनेच सोडली जातात. बर्फ आणि धुक्यामुळे श्रीनगरची विमाने रद्द होण्याचे प्रकारही हिवाळ्यात घडतात. एक गोष्ट अनेकांना तेथे उतरल्यावरच कळते. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते.

औलीसाठी ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. त्यात पूर्ण दिवस जातो. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे प्रसिद्ध असला, तरी जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमध्ये जमीन खचू लागल्यानंतर तो बंद करण्यात आला. त्यामुळे रोपवेचा फोटो पाहून बेत आखू नये. तो चालू आहे का, हे विचारावे. औलीला मोटाररस्ताही आहे. सोलंगला मनालीतून सहज जाता येते. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे, रस्ता खुला असेल तर पलीकडे लाहौलमधील सिस्सूपर्यंत बर्फ पाहायला जाता येते. गर्दीच्या दिवसांत या रस्त्यावर वाहनांच्या लांब रांगा लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

सहल कंपनी किंवा हॉटेलला थेट प्रश्न विचारावेत. नवशिक्यांचा उतार हॉटेलपासून किती दूर आहे? प्रशिक्षक दिवसाला किती तास आणि किती जणांमागे एक? स्की, बूट, हेल्मेट यांचे भाडे रकमेत धरले आहे का? साखळीच्या गाडीचे पैसे कोण देणार? आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न : बर्फ नसेल किंवा रस्ता बंद झाला, तर तारीख बदलून मिळेल का, की पैसे बुडतील? याचे उत्तर लेखी घ्यावे. गोंडोलाचे तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. प्रवास विम्याच्या साध्या योजनेत स्कीइंगसारखे साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. बर्फात पाय मोडला तर तो खर्च आणि डोंगरातून खाली आणण्याचा खर्च विम्यात बसतो का, हे वाचून पाहावे.

निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज आणि त्या ठिकाणचे त्याच दिवशीचे व्हिडीओ पाहावेत. जाहिरातीतला फोटो कोणत्या वर्षीचा आहे, हे कळायला मार्ग नसतो.

मग कोणी कोठे जावे?

ज्यांना स्की येते आणि आव्हानात्मक उतार हवे आहेत, त्यांच्यासाठी देशात गुलमर्गला तोड नाही; गाइड घेऊन फेब्रुवारीत जावे. आठवडा-पंधरवडा काढून मुळापासून शिकू इच्छिणाऱ्यांनी औली किंवा गुलमर्गमधील संस्थेचा अभ्यासक्रम निवडावा. औलीत शिकण्याजोगे उतार आणि शांतता आहे, पण बर्फाची अनिश्चितता अधिक आणि रस्ता लांबचा. लहान मुले आणि आजी-आजोबांसह जाणाऱ्या कुटुंबाला सोलंग सोयीचे. तेथील उतार लहान असले, तरी बर्फ नसल्यास मनालीत किंवा अटल बोगद्यापलीकडे दिवस घालवण्याचे पर्याय हाताशी असतात. काश्मीरच हवे असेल, तर श्रीनगरला मुक्काम ठेवून गुलमर्गला दोन-तीन रात्री काढाव्यात.

तारखा निश्चित असतील आणि बदलता येत नसतील, तर बर्फाविनाही सहल वाया जाणार नाही असे ठिकाण निवडणे शहाणपणाचे. तारखा हातात असतील, तर ठिकाण आधी ठरवून बर्फ पडल्यावर निघावे. दोन्हींपैकी एक सैल ठेवले, तरच बर्फाने दगा दिला तरी रजा आणि पैसे वाया जात नाहीत.