मोटारीच्या ब्रेकची झिजलेली चकती

धांवत्या मोटारीच्या वेगाचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. परंतु ती योग्य ठिकाणीं थांबली म्हणून तिची कोणी वाखाणणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. वस्तुतः ज्या वाहनास वेळेवर थांबतां येत नाहीं, त्याचा वेग हा गुण नसून संकट होय. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या लहान मोटारीच्या पुढील ब्रेकच्या चकत्या बदलावयाच्या होत्या. वडिलांस या कामाची माहिती असल्यानें तें त्यांच्या देखरेखीखालीं घरींच करण्याचें ठरलें. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या ब्रेकची रचना पाहूं. चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक चकती फिरत असते. कारागीर तीस डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांस पॅड नांवाच्या घर्षणपट्ट्या असतात व त्या कॅलिपर नांवाच्या चिमट्यासारख्या भागांत बसविलेल्या असतात. पायानें ब्रेक दाबला म्हणजे नळींतील ब्रेक ऑईलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर पडतो आणि पॅड चकतीस दोहों बाजूंनीं आवळतात. अशा ब्रेकचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं घेतलें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां त्याची महती जगास पटली.

ब्रेक गति नाहींशी करीत नाहीं. तो तिची उष्णता करतो. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर त्या उष्णतेनें एक लिटर पाणी सुमारें ३३ अंशांनीं तापेल. वेग दुप्पट झाला कीं हीच उष्णता चौपट होते. तीच मोटार घाटांतून ५०० मीटर खालीं उतरतांना सर्व भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारें १६ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता चकत्यांस सोसावी लागेल. म्हणूनच खंडाळ्याचा घाट उतरतांना जाणता चालक खालचा गिअर टाकतो. चकती झिजून पातळ झाली म्हणजे तिची ही सहनशक्ति कमी होते. ती लवकर तापते व तिला तडे जाण्याचा संभव वाढतो.

झिजलेल्या चकतीचीं लक्षणें कोणासही ओळखतां येतात. ब्रेक दाबतांच पायाखालीं थरथर जाणवते, कर्कश आवाज येतो, चकतीवर खोल चरे दिसतात, किंवा तिच्या कांठास कंगोरा उभा राहतो. तथापि खरा निकाल मोजमापानेंच करावा. किमान जाडीचा आंकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. नवी जाडी व किमान जाडी यांत बहुधा दोन मिलिमीटरांच्या आसपासच अंतर असल्यानें डोळ्यांवर विसंबूं नये. मायक्रोमीटरनें चारसहा ठिकाणीं मोजावें. आमची एक चकती किमान जाडीहून कमी भरली, दुसरी किंचित् अधिक. तरीही दोन्ही बदलल्या. कारण उजवा व डावा ब्रेक असमान लागल्यास गाडी एका बाजूस ओढली जाते. त्यांबरोबर पॅडही नवेच घातले.

आतां कृति. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांस लांकडी ठोकळे लावावे. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच थोडे सैल करावे. मग जॅकनें गाडी उचलून ती भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हातसुद्धां घालूं नये. चाक काढल्यावर कॅलिपरचे बोल्ट सोडवावे आणि तो तारेनें वर बांधून ठेवावा. नळीवर लोंबकळूं दिल्यास नळीस इजा होते. पॅडची धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. जुनी चकती निघाल्यावर तिच्यामागील हबवरचा गंज तारेच्या ब्रशानें पुरता घासून काढावा. तेथें गंजाचा पापुद्रा राहिला तरी नवी चकती तिरकी बसते. नव्या चकतीवर गंज न चढावा म्हणून तेल लावलेलें असतें; तें ब्रेक क्लीनरनें धुऊन काढावें. पिस्टन हळूहळू मागें दाबतांना ब्रेक ऑईलच्या डबींतून तेल उतूं जात नाहीं ना, हें पाहावें. शेवटीं प्रत्येक बोल्ट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा.

सायंकाळीं दोन्ही चाकें बसलीं. आमची गल्ली उताराची असून तिच्या टोकाशीं त्या वेळीं लहान मुलें खेळत असतात. गाडीची एक फेरी मारावी म्हणून दादा उत्साहानें चालकाच्या जागीं बसला, तोंच वडील म्हणाले, "अरे, थांब. आधीं इंजिन बंद असतांनाच ब्रेक दाबून पाहा." दादानें पाय ठेवला आणि पेडल मुळींच न अडखळतां तळास टेकलें. आमच्या अंगावर शहारा आला. कामांत चूक झाली नव्हती. मागें दाबलेला पिस्टन पुन्हां पॅडपर्यंत येण्यास पेडल अनेक वेळां दाबावें लागतें, एवढेंच. दहाबारा वेळां दाबल्यावर तें घट्ट झालें. परंतु ती एक सूचना मिळाली नसती, तर दिवसभराचे आमचे सर्व श्रम त्या उतारावर काय घडवून आणते, याची कल्पनाही करवत नाहीं.

त्यानंतर वडिलांनीं स्वतः मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगानें, मधून मधून ब्रेक थंड होऊं देत, गाडी अनेकदां हळुवार थांबविली. असें केल्यानें पॅड व चकती एकमेकांशीं जुळतात.

पालकांस आमची विनंति अशी कीं, जाणत्या माणसावांचून हें काम मुलांवर सोंपवूं नये, आणि ज्या गाडीचा हँडब्रेक विजेवर चालतो तिचे मागील ब्रेक कारखान्यांतच द्यावे. विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगावयाचें कीं, ब्रेक केवळ गाडींत बसलेल्यांसाठीं नसतो. रस्ता ओलांडणारा जो अनोळखी मनुष्य आपल्यावर विश्वास टाकून पुढें पाऊल घालतो, त्याच्यासाठींही तो असतो. तेव्हां काम संपलें असें वाटेल, त्या क्षणीं एकदां थांबून तें तपासून पाहावें.