दूरच्या वर्गाचे गुण कोणी द्यायचे?

वर्ग पडद्यावर भरू लागला की शाळेवर समाजाची जी सहज नजर असते, ती नाहीशी होते. फळ्यावर काय लिहिले, वह्या तपासल्या की नाही, मूल वर्गात बसले होते की नाही, हे शेजारीपाजारी आणि पालक यांना दिसेनासे होते आणि शाळेने आपले काम केले की नाही हे ठरवण्यासाठी परीक्षेच्या गुणांवाचून फारसे काही हाती उरत नाही. अशा वेळी ते गुण शाळेनेच द्यावेत की बाहेरच्या यंत्रणेने, हा प्रश्न हैदराबादेत करोनाच्या काळात ऐरणीवर आला.

तेलंगणा सरकारने 1 सप्टेंबर 2020 पासून सरकारी शाळांतील तिसरी ते दहावीचे पाठ दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅट या स्वतःच्या शैक्षणिक उपग्रह वाहिनीवरून दाखवायला सुरुवात केली. शिक्षकांनी मुलांशी संपर्क ठेवून पाठ कोणी पाहिला याची नोंद घ्यावी आणि स्वाध्यायपत्रिका सोडवून घ्याव्यात, अशी अपेक्षा होती. म्हणजे शिकवणे राज्यभर एकसारखे झाले, पण शिकल्याची खातरजमा शाळाशाळांवर सोपवली गेली.

या राज्यात दहावीचा निकाल 80 आणि 20 अशा दोन भागांत विभागलेला असतो. 80 गुणांची लेखी परीक्षा मंडळ घेते. उरलेले 20 गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभर शिकत असताना शाळेने करायच्या पारखणीचे असतात आणि त्यांत वाचन व त्यावरील प्रतिसाद, वहीतील लेखन, प्रकल्प आणि छोटी लेखी चाचणी यांना प्रत्येकी 5 गुण मिळतात. 2020 मध्ये मंडळाची परीक्षा सुरू होऊन अर्धवट राहिली आणि 2021 मध्ये ती झालीच नाही, त्यामुळे दोन्ही वर्षी शाळेच्या या 20 गुणांना पाचाने गुणून 100 केले गेले. हा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे: बहुतेक विषयांत 91 च्या पुढे सर्वोच्च श्रेणी असल्याने 20 पैकी 18 मिळालेल्या मुलाची ती हुकते, तर 19 मिळालेल्याची ती पक्की होते, आणि हा एक गुण वही नीटनेटकी असण्यावरही ठरू शकतो. 2021 च्या निकालात सव्वापाच लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी दोन लाखांहून अधिक जणांना 10 पैकी 10 श्रेणीगुण मिळाले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या कामाचे मोजमाप व्हायचे त्याच्याच हाती मोजपट्टी दिली, तर हात सैल सुटणारच.

त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. ही प्रमाणित चाचणी होती, म्हणजे तिचे प्रश्न, वेळ आणि तपासणीची पद्धत सर्वांसाठी सारखी होती. 720 जिल्ह्यांतील सुमारे 34 लाख मुलांनी ती दिली. तेलंगणाची तिसरी आणि पाचवीची मुले भाषा आणि गणितात राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहिली. वर्ग वेगळे, मुले वेगळी, त्यामुळे हे आकडे दहावीच्या निकालाशेजारी थेट मांडता येत नाहीत, तरीही दोन्ही चित्रांतला विरोध लपत नाही. या सर्वेक्षणाची मर्यादा अशी की ते नमुना निवडून केले जाते आणि त्याचा अहवाल जिल्ह्यापर्यंतच पोहोचतो. आपल्या मुलाची शाळा कुठे आहे, हे पालकाला त्यातून कळत नाही.

अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला. 2002 च्या कायद्याने तेथे तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची वाचन व गणितात दरवर्षी चाचणी घेणे आणि शाळावार निकाल जाहीर करणे बंधनकारक झाले, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. मात्र ओहायो राज्यातील सर्वांत मोठी ऑनलाइन शाळा जानेवारी 2018 मध्ये बंद पडली ती चाचणीच्या निकालामुळे नव्हे, तर दाखवलेल्या पटसंख्येइतकी मुले खरोखर शिकत असल्याचा पुरावा देता न आल्याने. राज्याने तिच्याकडे एका वर्षापोटी सुमारे 6 कोटी डॉलर परत मागितले होते. केवळ गुण पाहणाऱ्या यंत्रणेला हजेरीतला हा घोळ दिसला नसता.

तेलंगणातला वाद अजून त्या 20 गुणांभोवतीच फिरतो. नोव्हेंबर 2024 मध्ये ते रद्द करून 100 गुणांची लेखी परीक्षा घेण्याचा आदेश सरकारने काढला. पण वर्ष निम्मे सरले होते आणि शाळांचे आकारिक मूल्यमापन सुरू झाले होते, त्यामुळे त्या वर्षापुरता तो लगोलग मागे घ्यावा लागला.