टंच आणि शेकडेवारी

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांच्या घरांत 'टंच' हा रोजचा शब्द. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदीचे भाग किती. दागिना २५० ग्रॅमचा व ६० टंचाचा असेल, तर त्यात शुद्ध चांदी १५० ग्रॅम. शाळेत हेच उदाहरण '२५० चे शेकडा ६० किती?' असे येते. घरी टंचाचा हिशोब सांगणारे मूल फळ्यापुढे अडखळले, तर त्याला गणित येते म्हणायचे की नाही?

ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर व सहकाऱ्यांनी बाजारात माल विकणाऱ्या मुलांबाबत हाच प्रश्न विचारला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुले होती अवघी ५. विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तसलीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिली, तेव्हा ३७ टक्के. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांवरील अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही तेच आढळले, आणि उलट बाजूही दिसली: शाळेतील मुलांना बाजारचा हिशोब जमेना. (मुलांना कामाला जुंपावे, असा याचा अर्थ नव्हे.)

आपल्याकडे शैक्षणिक संशोधन म्हटले की प्रश्नावली, सरासरी आणि कपाटातील प्रबंध. शिक्षक त्यात माहिती भरून देणारा. निष्कर्ष त्याच्याकडे क्वचितच परत येतात, आलेच तर इंग्रजीत. कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले, ते ग्रामीण शिक्षणाचा विचार खेड्यात राहून व्हावा म्हणून. तो धागा पुढे फारसा कोणी ओढला नाही, असे आम्हांस वाटते.

हुपरीतील शिक्षकाला मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाला आधी टंचाच्या भाषेतील ५ उदाहरणे द्यावीत व नंतर तितक्याच अवघड अशा शेकडेवारीची ५. दुसऱ्याला उलट क्रमाने. चिठ्ठ्या अशासाठी, की एरवी हुशार मुले आपण नकळत एकाच गटात घालतो. क्रम उलटा अशासाठी, की पहिल्या पाचांनी हात बसतो व त्याचा लाभ पुढच्या पाचांना मिळतो. चांदीकाम नसलेल्या घरांतील मुलांची उत्तरे वेगळी मांडावीत.

उत्तराबरोबर रीतही विचारून लिहून घ्यावी. '६० टंच म्हणजे निम्मे आणि वर दहावा हिस्सा. १२५ आणि २५' अशी फोड एखादे मूल तोंडी करील. उत्तरपत्रिकेत ती दिसणार नाही, पण शेकडेवारी शिकवायला सुरुवात कोठून करावी हे तीच सांगेल.

एका वर्गातील चाळीसेक मुलांवरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. रेंदाळ, पट्टणकोडोली येथील शाळांनी तीच उदाहरणे त्याच पद्धतीने दिली आणि आकडे जुळले, तर ती नोंद छापण्याजोगी होईल.