काजळीला ऊन लागतं तेव्हा

‘प्रदूषणरोधक’ क्रीम लावावं का, असं पुण्याहून एका वाचकांनी विचारलं आहे. धूर आणि ऊन मिळून त्वचेतल्या डीएनएची नासाडी करतात, असं जाहिरातीत म्हटलंय म्हणे. क्रीमकडे नंतर वळू. धूर आणि उन्हाची ही युती मात्र खरी आहे, आणि तिचा उलगडा व्हायला लंडनमधल्या दोन टन डांबरापासून सुरुवात करावी लागते.

कोळशाच्या डांबराने कर्करोग होतो, हे जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी १९१५ साली सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोपडून दाखवलं होतं. पण डांबरात रसायनं असंख्य. त्यातलं गुन्हेगार कोणतं? केनवे यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेतल्या इझ्रेल हीगर यांच्या हाती एक खूण होती. कर्करोगकारक डांबरं अतिनील प्रकाशात चमकतात आणि त्या चमकेच्या वर्णपटात ठरावीक पट्टे दिसतात. दोन टन डांबराचा गाळ ऊर्ध्वपातनाने, विद्रावकांनी वेगळा करत न्यायचा आणि दर टप्प्याला पट्टे कुठे ठळक होतात ते पाहायचं. वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यासारखे हीगर त्या चमकेमागे गेले. १९३३ साली पिवळे स्फटिक जाहीर झाले : बेंझोपायरीन! धुरातल्या काजळीतही असतं ते हेच. या शोधाच्या गोष्टीत केनवेंचं नाव ठळक आणि हीगरांचं ओझरतं येतं. मला हा अन्याय वाटतो.

गंमत अशी की, ज्या गुणामुळे बेंझोपायरीन पकडलं गेलं तोच उन्हात नडतो. चमकायचं तर आधी प्रकाश शोषावा लागतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात आणि बेंझोपायरीन नेमके तेही शोषतं. ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला मिळाली की तो भलताच आक्रमक होतो, डीएनएमधल्या ग्वानिनला बिघडवतो आणि धागेही तुटतात. काळोखातही बेंझोपायरीन निरुपद्रवी नसतंच : पेशीतली विकरं त्याचं रूपांतर ग्वानिनला चिकटणाऱ्या रेणूत करतात. ऊन त्यात दुसरी वाट उघडतं. एकेकट्याने फारसं न बिघडवणाऱ्या मात्रा प्रयोगशाळेतल्या पेशींना एकत्र दिल्या, की नुकसान बेरजेपेक्षा जास्त भरतं. कोळशाचं डांबर हाताळणाऱ्या कामगारांची कातडी उन्हात का भाजते, तेही यातूनच कळतं. (आपल्या रस्त्यांवर आता ओततात ते पेट्रोलियमचं, त्यात बेंझोपायरीन खूपच कमी.)

आणि हीच जोडी औषधही झाली! मेयो क्लिनिकच्या गोकरमन यांनी १९२५ साली सोरायसिसवर डांबर अधिक अतिनील प्रकाश हा उपचार मांडला. तो अजून पुरता मोडीत निघालेला नाही.

आता क्रीम. बशीतल्या पेशींवर मृत पेशींचा राठ थर नसतो. आपल्या त्वचेवर तो असतो, शिवाय मेलॅनिनही. भारतात त्वचेचा कर्करोग तुलनेने कमीच. ‘प्रदूषणरोधक’ हा दावा कोणत्या चाचणीवर उभा आहे, हे डबीवर सहसा सापडत नाही. पैसे खर्चायचेच तर साधं सनस्क्रीन घ्या, पण एसपीएफच्या आकड्यावर भाळू नका. तो मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब सांगतो. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हं मोजा. संध्याकाळी घरी येऊन साबणाने तोंड धुतलं तर काजळी निघते हे खरं. पण दिवसभराचं ऊन तोवर तिच्यावर पडून गेलेलं असतं.