भिन्न काळांतील मल्लांची काल्पनिक लढत

भिन्न काळांतील मल्लांची काल्पनिक लढत म्हणजे जे दोन मल्ल वयाच्या अंतरामुळे ऐन उमेदीत समोरासमोर येऊच शकले नाहीत, त्यांची कुस्ती झाली असती तर कोण जिंकला असता, याविषयीची चर्चा होय. महाराष्ट्रात ही चर्चा तालमीच्या कट्ट्यावर, जत्रेतील हौद्याभोवती आणि महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या दिवसांत विशेष रंगते. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) आणि आजचा एखादा महाराष्ट्र केसरी, किंवा खाशाबा जाधव आणि राहुल आवारे, अशा जोड्या तीत लावल्या जातात. विदर्भातील दंगलींच्या गावांतही हा विषय नवा नाही.

'जोड लावणे' हा मूळचा आखाड्यातील शब्दप्रयोग आहे. जाणते वस्ताद दोन मल्लांचे वय, वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. काल्पनिक लढतीत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि बहुतेक वाद तेथूनच भरकटतो.

मुष्टियुद्धातील प्रयोग

हा छंद केवळ कुस्तीपुरता नाही. अमेरिकेत मरे वोरोनर या निर्मात्याने १९६७ मध्ये निरनिराळ्या काळांतील हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवून रेडिओवर एक काल्पनिक स्पर्धा घडवली. तीत मुहम्मद अली हे जिम जेफ्रीज यांच्याकडून हरल्याचे जाहीर झाले. अलींनी त्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. पुढे १९६९ मध्ये अली आणि निवृत्त अजिंक्य विजेते रॉकी मार्सियानो यांच्या एकेका मिनिटाच्या सत्तर फेऱ्या चित्रित करण्यात आल्या. २० जानेवारी १९७० रोजी हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांनी मार्सियानो यांना तेराव्या फेरीत जिंकताना पाहिले. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली विजयी ठरले. प्रेक्षक बदलताच निकालही बदलला; मग संगणकाने नक्की काय सिद्ध केले, हा प्रश्न उरतोच. हा निकाल पाहण्यास मार्सियानो हयात नव्हते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते.

गामा आणि झिबिस्को

भिन्न काळांची लढत प्रत्यक्षात घडल्याचे सर्वांत जवळचे उदाहरण भारतीय कुस्तीतच सापडते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ लोटल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या लढतीला तो आलाच नाही. हेच दोघे १९२८ मध्ये पतियाळा येथे पुन्हा भेटले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले. त्या वेळी दोघेही पन्नाशीला टेकले होते.

मल्ल तेच, परंतु एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा मिनिटभरही लागला नाही. या अठरा वर्षांत वय बदलले, गादीऐवजी भारतीय आखाडा आला, भोवतीचे प्रेक्षक बदलले आणि झिबिस्कोला पालथे पडून राहण्याची सवडही मिळाली नाही. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. प्रत्यक्ष झालेल्या दोन कुस्त्यांची ही स्थिती असेल, तर न झालेल्या कुस्तीविषयी छातीठोक बोलणाऱ्याकडे थोड्या संशयाने पाहिलेले बरे.

५७ किलो

खाशाबा जाधव (१९२६–१९८४) आणि राहुल आवारे यांची जोड वरवर पाहता अगदी बरोबर जमते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे आवारे यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटातच सुवर्णपदक जिंकले. मात्र काट्यावरचा आकडा सारखा असला, तरी त्यामागचे शरीर सारखे असतेच असे नाही. आजचे मल्ल स्पर्धेपूर्वी वजन उतरवून खालच्या गटात खेळतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटाचे कांस्य जिंकणाऱ्या अमन सेहरावत यांचे वजन उपांत्य लढतीनंतर ६१ किलोंच्या वर गेले होते आणि त्यांनी एका रात्रीत सुमारे साडेचार किलो वजन घटवले. म्हणजे आखाड्यात उतरणारा '५७ किलोचा' मल्ल प्रत्यक्षात साठीच्या घरातला असू शकतो.

नियमांचे अंतर याहून मोठे आहे. खाशाबांच्या काळी लढत पंधरा मिनिटांची असे. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि दहा गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटले तरी गुण मिळतो. दमसास राखून, प्रतिस्पर्ध्याला थकवून मग डाव टाकणारा मल्ल या सहा मिनिटांत अडचणीत येईल. उलट सहा मिनिटांसाठी घडलेला मल्ल बाराव्या मिनिटाला काय करील, हे कोणी पाहिलेले नाही. पदकांची तुलनाही सरळ नाही. १९५२ मध्ये एका गटात एकच कांस्यपदक होते. २००८ पासून ऑलिंपिक कुस्तीत दोन दिली जातात.

त्यापेक्षा समकालीनांशी केलेली तुलना अधिक भरवशाची ठरते. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्यांचे दोनच पराभव झाले: एक सुवर्णविजेता जपानी मल्ल शोहाची इशी याच्याकडून, दुसरा रौप्यविजेता सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याकडून. तांबड्या मातीत वाढलेल्या आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासूनच गादीची खरी ओळख झालेल्या या मल्लाची योग्यता ठरवण्यास एवढे पुरेसे आहे. 'आजच्या पोराने त्यांना दोन मिनिटांत पाडले असते' असे म्हणणारे, आजच्या पोराला मिळालेली गादी, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि लढतींची चित्रफीत खाशाबांच्या पदरात टाकून मग जोड लावत नाहीत.

पुराव्यांची मर्यादा

जुन्या मल्लांविषयीची बरीच माहिती वस्तादांच्या आठवणी, वृत्तपत्रांतील बातम्या आणि मोजक्या छायाचित्रांवर उभी आहे. आठवणीत हरलेल्या कुस्त्या लवकर पुसट होतात आणि खुराकाचे आकडे वाढत जातात. नव्या मल्लांची गोष्ट उलट आहे. त्यांची प्रत्येक चूक चित्रफितीत साठवलेली असते. त्यामुळे तुलनेत एका बाजूला दंतकथा आणि दुसऱ्या बाजूला उघडा हिशेब, असा विषम सामना होतो. अर्थात चित्रफीत असली म्हणजे वाद मिटतो असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या माती विभागातील लढतीत 'बाहेरची टांग' या डावाला चार गुण द्यावेत की नाही, यावरून लोक तीच चित्रफीत पुनःपुन्हा पाहून दोन्ही बाजूंनी भांडत होते.