आवडीचा पहिला अधिकार

देवघरातील आरती, शाळेतील प्रार्थना आणि लग्नमांडवातील सनई हे संगीत माणसाला वारशाने मिळते. त्यात त्याच्या निवडीचा भाग नसतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी मात्र असे एखादे गाणे कानी पडते, की जे वडीलधाऱ्यांनी दिलेले नसते, शिक्षकांनी शिकविलेले नसते. ते स्वतः शोधलेले असते. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावी शिकणारा तरुण 'निर्वाणा' किंवा 'रेडिओहेड' या परदेशी वाद्यवृंदांची गाणी तासन् तास ऐकू लागला, की घरात 'हा कसला धांगडधिंगा?' असा प्रश्न होतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्या आवाजामागे आवडनिवड ठरविण्याचा पहिला स्वतंत्र प्रयत्न दडलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात, ते संगीत महानगरांच्या झगमगाटातच जन्मले असे नाही. 'आर. ई. एम.' हा वाद्यवृंद १९८० साली अमेरिकेतील अथेन्स या विद्यापीठाच्या गावात उभा राहिला. 'निर्वाणा'चा उगम १९८७ साली अ‍ॅबर्डीन या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावातला. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या अशा गाण्यांना पहिला आधार दिला तो छोट्या ध्वनिमुद्रण संस्थांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चालविलेल्या नभोवाणी केंद्रांनी. पुढे १९९१ च्या सप्टेंबरात 'नेव्हरमाइंड' ही 'निर्वाणा'ची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९९२ च्या जानेवारीत ती अमेरिकेतील खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. विद्यार्थ्यांनी एकमेकांना ऐकविलेले संगीत अखेर बाजाराला स्वीकारावे लागले, असाच याचा अर्थ. 'जालना सोने का पालना' ही म्हण मिरविणाऱ्या, बियाणे आणि पोलाद यांवर उभ्या असलेल्या गावातील तरुणाला अ‍ॅबर्डीनच्या तरुणाची घुसमट आपली वाटली, तर त्यात नवल ते काय?

तरुणांच्या आवडीला वरून वळण लावण्याचा प्रयत्न या देशात पूर्वी झालेला आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. परंतु त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला आणि त्याच वर्षी सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोहोचली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. निषेधाने अभिरुची घडत नाही. ती फक्त दुसरीकडे निघून जाते.

परकेपणाचा आक्षेपही फार काळ टिकणारा नाही. आज मराठवाड्यातील भजनी मंडळांत हमखास दिसणारी पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. तिच्यावर नभोवाणीने १९४० साली बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. तोवर पेटी लोकांनी केव्हाच आपली केली होती. मुंबईतील 'धम्म विंग्स' हा वाद्यवृंद तर रॉकच्या सुरावटीतून आंबेडकरी विचार मांडतो. वाद्य कोठून आले यापेक्षा त्यातून काय बोलले जाते, याला महत्त्व अधिक.

आजची अडचण मात्र निराळी आहे. एकेकाळी गाणे मिळणे दुर्घट होते. ध्वनिफीत मागून आणावी लागे, ती कोणाकडे आहे हे शोधावे लागे आणि त्या शोधात मैत्र जुळे. आज जगातील गाणी खिशातील दूरध्वनीत आहेत. परंतु कालच्या गाण्यासारखेच आजचे गाणे यंत्र पुढे करते आणि ऐकणारा कानांत गुंड्या घालून एकटाच राहतो. आवडलेल्या गाण्यावर कोणाशी वाद घालावा, ते का आवडले हे शब्दांत सांगावे, ही संधीच त्याला लाभत नाही. अभिरुची मात्र अशा वादातूनच पक्व होत असते.

येथे महाविद्यालयांचे कर्तव्य सुरू होते. केंद्र शासनाने २००२ साली शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची मुभा दिली आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरूही झाले. प्रत्येक संस्थेला तो खर्च झेपेल असे नाही, हे मान्य. परंतु आठवड्यातून एक तास एखादी खोली मोकळी ठेवणे, विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीचे गाणे इतरांना ऐकवून त्यावर दहा मिनिटे बोलावे अशी प्रथा पाडणे, याला कोणते अनुदान लागते? त्या खोलीत वामनदादा कर्डकांचे गीत, भीमसेन जोशींचा अभंग आणि 'निर्वाणा'चे गाणे शेजारी-शेजारी बसतील. शिक्षकांनीही तेथे परीक्षक म्हणून न जाता श्रोते म्हणून जावे.

विशीत जडलेली आवड चाळिशीत टिकेलच असे नाही. ती टिकावी अशी अपेक्षाही नको. पण जो तरुण गाण्याबाबत 'हे मला आवडते आणि ते या कारणासाठी' असे चारचौघांत सांगावयास शिकला, तो पुढे मत देताना, नोकरी पत्करताना आणि अन्यायाला नकार देतानाही ती सवय सोडणार नाही. त्याचा पहिला धडा एखाद्या कर्कश वाटणाऱ्या गाण्यातून मिळत असेल, तर वडीलधाऱ्यांनी घटकाभर तो आवाज सोसावयास हरकत नसावी.